नवा लॅपटॉप आणि जुना मजकूर : मराठी लेखनाच्या संदर्भात संगणकाची निवड व सिद्धता यांचा इतिहास

प्रस्तावना

लॅपटॉप संगणकाचा इतिहास सामान्यतः वजन, पडदा, बॅटरी आणि किंमत या चार अंगांनी सांगितला जातो. अकरा किलोंचे यंत्र तीन दशकांच्या आत दीड किलोच्या खाली कसे आले आणि पाच इंची पडद्याच्या जागी पंधरा इंची पडदा कसा आला, याची ती कथा असते. इंग्रजीत लिहिणाऱ्या वाचकाच्या दृष्टीने ती बहुतांशी पुरी असते. इंग्रजीतून १९८५ साली साध्या स्वरूपात साठवलेला मजकूर आजच्या यंत्रावर, थोडी खटपट करून का होईना, जसाच्या तसा वाचता येतो. मराठीत लिहिणाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. महाराष्ट्रातील प्राध्यापक, लिपिक, मुद्रक आणि संशोधक यांनी १९९० च्या सुमारापासून ज्या ज्या वेळी नवा संगणक घेतला, त्या त्या वेळी त्यांच्यापुढे एक पाचवा प्रश्न उभा राहिला : जुन्या यंत्रावर लिहिलेली मराठी नव्या यंत्रावर वाचता येईल काय? यंत्राची निवड पुष्कळदा याच प्रश्नाने ठरली आणि यंत्राच्या प्राथमिक सिद्धतेतील, म्हणजे व्यवहारात ज्याला ‘सेटअप’ म्हणतात त्यातील, मोठा वेळही यानेच खाल्ला.

प्रस्तुत निबंधात या पाचव्या प्रश्नाचा इतिहास मांडण्याचा प्रयत्न केला आहे. लॅपटॉपच्या जागतिक वाटचालीचा आढावा त्यासाठी आवश्यक तेवढाच घेतला आहे.

वहनीय संगणकाची घडण

लॅपटॉपची कल्पना यंत्राच्या आधी जन्मली. कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात काम करणारे ॲलन के यांनी १९७२ मध्ये ‘डायनाबुक’ या नावाने वहीएवढ्या संगणकाचे चित्र मांडले. तो मुख्यतः मुलांसाठी कल्पिलेला होता आणि त्याचा पुठ्ठ्याचा नमुना तेवढा तयार झाला. बाजारात यश मिळवणारे पहिले वहनीय यंत्र म्हणजे १९८१ मधील ऑस्बोर्न-१. त्याचे वजन सुमारे ११ किलो, पडदा ५ इंची, एका ओळीत ५२ अक्षरे आणि किंमत १,७९५ डॉलर होती. त्यात बॅटरी नव्हती. उचलून नेता येणारे, परंतु भिंतीतील विजेवर चालणारे असे ते यंत्र होते. त्याच्या किमतीतच वर्डस्टार, सुपरकॅल्क इत्यादी आज्ञावली मिळत. नव्या यंत्राबरोबर लेखनाची सोय तयार मिळावी, या ग्राहकाच्या अपेक्षेला येथून बळ मिळाले. या यंत्राचे निर्माते ॲडम ऑस्बोर्न यांचे बालपण तमिळनाडूत गेले होते आणि २००३ मध्ये त्यांचे निधनही कोडाईकनाल येथेच झाले. तरीही त्यांच्या यंत्रात एकाही भारतीय लिपीला स्थान नव्हते. त्या काळात ते कोणी मागितलेही नसते.

पुढच्या वर्षी, १९८२ मध्ये, ग्रिड कंपास हे यंत्र आले. बिल मॉग्रिज यांनी योजलेली त्याची बिजागरीवर मिटणारी, शिंपल्यासारखी रचना आजच्या प्रत्येक लॅपटॉपमध्ये दिसते. त्याची ८,१५० डॉलर ही किंमत सामान्य ग्राहकाच्या आवाक्यातील नव्हती. अमेरिकेच्या अंतराळयानांत मात्र ते यंत्र वापरले गेले. तोशिबाच्या १९८५ मधील टी-११०० ने बॅटरीवर चालणारा व आयबीएम पीसीशी सुसंगत असा सुमारे चार किलोंचा संगणक सर्वसामान्य व्यवसायात आणला. ॲपलच्या १९९१ मधील पॉवरबुकने कळफलक मागे सरकवून मनगटे टेकण्यास पुढे जागा केली. सोनीने त्याच वर्षी लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली आणि आयबीएमचा थिंकपॅड १९९२ मध्ये अवतरला. बिनतारी जोडणी २००३ नंतर सर्रास झाली. २००८ च्या तिसऱ्या तिमाहीत जगभरातील लॅपटॉपची विक्री मेजावरील संगणकांच्या विक्रीच्या पुढे गेली.

भारतात १९८४ च्या संगणक धोरणाने आयातीवरील बंधने सैल केली. आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान करारात १९९७ मध्ये सहभागी झाल्यावर संगणकांवरील आयातशुल्क टप्प्याटप्प्याने २००५ पर्यंत शून्यावर आले. म्हणजे ज्या दशकात लॅपटॉप प्राध्यापकाच्या आवाक्यात येऊ लागला, त्या दशकापर्यंत मराठी संगणकलेखनाला पंधरा-वीस वर्षे होऊन गेली होती. मजकूर साठला होता; तो कोणत्या रूपात साठला होता, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल.

जिस्ट कार्ड आणि खाचेचा प्रश्न

संगणक अक्षर साठवत नाही, अक्षराचा क्रमांक साठवतो. अमेरिकेत १९६३ मध्ये ठरलेल्या आस्की या संकेतात अशा १२८ क्रमांकांची सोय होती. ती इंग्रजी अक्षरे, अंक, विरामचिन्हे आणि काही नियंत्रक खुणा यांतच संपून जाई. देवनागरीला या व्यवस्थेत बसवण्याचे मूलभूत काम १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात कानपूरच्या आयआयटीमध्ये झाले आणि पुढे १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने ते हाती घेतले. ‘जिस्ट’ या नावाने ओळखले जाणारे हे तंत्र एका कार्डाच्या रूपात मिळे. संगणकाची पेटी उघडून आतील मोकळ्या खाचेत ते कार्ड बसवले की वर्डस्टार, डीबेस यांसारख्या मूळ इंग्रजी आज्ञावलींतही मराठी टंकता येई.

या कामाची वैचारिक बैठक विलक्षण पक्की होती. भारतीय लिप्या दिसण्यात भिन्न असल्या तरी त्यांची वर्णमाला एक आहे, हे ध्यानात घेऊन सर्वांना एकच संकेत देण्यात आला. क ला एक क्रमांक. तो मराठीत क दिसेल, बंगालीत बंगाली क दिसेल. जोडाक्षरांना स्वतंत्र क्रमांक नव्हते. ‘क्ष’ हा क, हलन्त आणि ष यांच्या क्रमाने साठवायचा आणि पडद्यावर त्याचे रूप घडवण्याचे काम यंत्राने करायचे. ‘कि’ मधील वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, उच्चारात मात्र ती क च्या नंतर येते. साठवणीत उच्चाराचा क्रम पाळला गेला. हा संकेत ‘इस्की’ या नावाने भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये आयएस १३१९४ या क्रमांकाने प्रमाण ठरवला आणि त्याबरोबरच इनस्क्रिप्ट हा कळफलकही प्रमाण झाला. पाणिनीय परंपरेतील वर्णविचाराचा आधुनिक तंत्रज्ञानात झालेला हा उपयोग भाषाशास्त्राच्या अध्यापकांनी अद्याप पुरेसा अभ्यासलेला नाही, असे म्हणावे लागते.

मात्र जिस्ट कार्डाला पेटीतील खाच लागे. मेजावरील संगणकात ती असे, लॅपटॉपमध्ये नसे. त्यामुळे वहनीय संगणकाची निवड करणाऱ्या मराठी लेखकाला १९९० च्या आसपास वजन आणि मराठी यांपैकी एकच गोष्ट मिळण्यासारखी होती. बहुतेकांनी अर्थातच मेजावरचे यंत्र पसंत केले. लॅपटॉपची त्या काळातील किंमत पाहता हा त्याग फार मोठा वाटला नसावा.

टंकांचे राज्य

डॉसच्या जागी विंडोज आल्यावर चित्र पालटले. विंडोजमध्ये अक्षरांचे टंक, म्हणजे फॉन्ट, बदलता येत असत. तेव्हा इंग्रजी टंकातील अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रे बसवली की कार्डावाचून मराठी दिसू लागते, हे ध्यानात आले. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी, आकृती, सी-डॅकची आयएसएम ही आज्ञावली व तिच्याबरोबरचे योगेश, सुरेख आदी टंक, विदर्भात व शैक्षणिक संस्थांत रुळलेला कृतिदेव, विनामूल्य हस्तांतरित होणारा शिवाजी, असे अनेक टंक १९९० च्या दशकात महाराष्ट्रभर पसरले. मराठी वृत्तपत्रे, ग्रंथ, निमंत्रणपत्रिका आणि प्रबंध यांची अक्षरजुळणी याच टंकांनी केली, आणि शिशाच्या खिळ्यांच्या तुलनेत ती किती स्वस्त व वेगवान होती, हे त्या काळातील कोणताही मुद्रक सांगेल. या टंकांचे ऋण नाकारता येणार नाही.

परंतु या सोयीत एक खोट होती. टंकाने केवळ चित्र बदलले होते. यंत्राच्या दृष्टीने साठवलेला मजकूर इंग्रजी अक्षरांचाच राहिला. शिवाय देवनागरीच्या अर्ध्या अक्षरांना, रफारांना, वेगवेगळ्या उंचीच्या मात्रांना मिळून दीड-दोनशे जागा लागत. त्या प्रत्येक निर्मात्याने आपापल्या सोयीने वाटल्या. एका टंकात ज्या क्रमांकावर ‘म’ होता, तेथे दुसऱ्यात वेलांटी असू शके. इस्कीमध्ये उच्चाराप्रमाणे साठवली जाणारी ‘कि’ येथे दिसण्याप्रमाणे, म्हणजे आधी वेलांटी मग क, अशी साठवली गेली. परिणामी त्या विशिष्ट टंकावाचून फाइल उघडली की पडद्यावर रोमन अक्षरे व चिन्हे यांचा अर्थहीन गुंता उमटे. ‘अक्षर’ या शब्दाची व्युत्पत्ती आठवणाऱ्याला यातील विसंगती वेगळी सांगावयास नको.

महाविद्यालयाच्या कार्यालयाला याची झळ आणखी एका ठिकाणी लागली. आडनावांच्या अकारविल्हे क्रमाने हजेरीपट लावणे हे काम संगणकाला क्षणात करता यावे. टंकाधारित मजकुरात ते होईना, कारण यंत्र क, ख, ग हा क्रम जाणतच नव्हते. ते चित्राखाली दडलेल्या इंग्रजी क्रमांकांप्रमाणे नावे लावी. त्यामुळे यादी पुष्कळदा आधी इंग्रजीत लावून मग मराठीत उतरवली जाई किंवा हाताने लावली जाई. शब्द शोधण्याची सोयही त्या एका टंकापुरतीच मर्यादित राही.

प्रमाण संकेत १९९१ मध्ये उपलब्ध असता ही अनवस्था का चालू राहिली, हा इतिहासाच्या अभ्यासकाला पडणारा स्वाभाविक प्रश्न आहे. याचे एक उत्तर व्यापारात आहे : आपल्याच टंकात बांधलेला मजकूर हा ग्राहक टिकवण्याचा खात्रीचा उपाय होता. दुसरे उत्तर छपाईत आहे. मराठी मुद्रणव्यवसाय पेजमेकर या आज्ञावलीवर उभा होता. तिची ७.० ही शेवटची आवृत्ती २००१ मध्ये आली आणि त्या आज्ञावलीला उच्चारक्रमाने साठवलेली देवनागरी हाताळता येत नव्हती. तिची जागा घेणाऱ्या इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची नीट सोय २०१२ च्या सुमारास झाली. मुद्रकाला टंकाधारित मजकूर हवा, म्हणून संपादकाला हवा, म्हणून लेखकाला तो तसाच देणे भाग, अशी ही साखळी होती. तिसरे उत्तर काहीसे अप्रिय आहे. विद्यापीठे, मंडळे आणि नियतकालिके यांनी लेखकांना दिलेल्या सूचनांत संकेताचा आग्रह कधी धरला नाही. टंकाचे नाव व अक्षरांचा आकार सांगून त्या थांबल्या. प्रबंधाच्या समासाची रुंदी काटेकोरपणे ठरवणाऱ्या संस्थांनी तो प्रबंध वीस वर्षांनी वाचता येईल की नाही, याचा विचार केला नाही.

कुलूप आणि जोडणीचे तोंड

या काळातील लॅपटॉपच्या निवडीवर एका छोट्या वस्तूची सत्ता होती, ती म्हणजे हार्डवेअर लॉक किंवा डोंगल. मराठी आज्ञावलींची नक्कल होऊ नये म्हणून त्यांतील अनेकींबरोबर हे कुलूप दिले जाई आणि ते संगणकाच्या मागील, छपाईयंत्रासाठी असलेल्या पॅरलल पोर्टमध्ये लावल्याशिवाय आज्ञावली चालत नसे. एका कुलुपावर एकच यंत्र चाले. विभागात तीन संगणक आणि कुलूप एक, अशा स्थितीत मराठी लेखनाची पाळी लावावी लागे. २००० नंतरच्या दशकात लॅपटॉप पातळ होत गेले तसे त्यांतून हे रुंद तोंड नाहीसे झाले. यूएसबीवर चालणारी कुलपे पुढे आली. तथापि जुन्या कुलपाच्या धन्याला नवी आज्ञावली घेणे, पॅरलल पोर्ट असलेले जुने मॉडेल शोधणे किंवा जुना संगणक ‘मराठीसाठी’ म्हणून कोपऱ्यात जपून ठेवणे, एवढेच पर्याय उरत. कार्यालयांच्या कोपऱ्यात अशी जपलेली यंत्रे पुढेही बराच काळ चालू राहिली.

फ्लॉपीचेही असेच झाले. याच दशकाच्या मध्यापर्यंत बहुतेक लॅपटॉपमधून फ्लॉपीची खाच गेली आणि पुढे सीडीची तबकडीही गेली. मजकूर ज्या वस्तूवर साठवला ती वस्तू आणि तो ज्या टंकात लिहिला तो टंक, या दोहोंपासून नवे यंत्र एकाच काळात तुटले.

युनिकोडचा प्रवेश

जगातील सर्व लिप्यांना एकाच क्रमावलीत बसवणाऱ्या युनिकोड या संकेताची पहिली आवृत्ती ऑक्टोबर १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या रूपावरून घेतली होती. भारतात घडलेला वर्णविचार अशा रीतीने आंतरराष्ट्रीय प्रमाणात गेला. परंतु प्रमाण कागदावर असणे आणि ते विकत घेतलेल्या यंत्रात असणे यांत जवळजवळ दशकाचे अंतर पडले.

ते अंतर फेब्रुवारी २००० मध्ये विक्रीस आलेल्या विंडोज २००० ने भरून काढण्यास सुरुवात केली. या प्रणालीत देवनागरी व तमिळ या दोन भारतीय लिप्यांची सोय होती. देवनागरीसाठी तीत ‘मंगल’ हा टंक होता. तो मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात काम करणारे र. कृ. जोशी यांनी घडवला होता. मराठी वाचकांना ते लघुअनियतकालिकांच्या चळवळीतील कवी म्हणून परिचित आहेत. कवितेतील अक्षराच्या दृश्यरूपाचा विचार करणाऱ्या या कवीचे हस्ताक्षर, एका अर्थाने, पुढे कोट्यवधी संगणकांत पोहोचले, ही साहित्येतिहासात नोंद व्हावी अशी घटना आहे.

त्यानंतर २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीने भारतीय लिप्यांची संख्या वाढवली. परंतु मराठीची सोय नव्या यंत्रात आपोआप सुरू होत नसे. नियंत्रण पटलातील प्रादेशिक व भाषाविषयक पर्यायांत जाऊन, भाषांच्या पानावर, ‘जटिल लिप्या व उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषा’ यांच्या फाइली बसवण्याच्या चौकटीत खूण करावी लागे. अरबी, हिब्रू, थाई यांच्यासोबत मराठीला तेथे एकाच दाराने आत यावे लागे. या फाइलींना जागा लागे ती १० एमबी. त्या काळी ४० जीबीची चकती असलेल्या लॅपटॉपमध्येही ही १० एमबींची सोय ऐच्छिक मानली गेली, हे नमूद करण्याजोगे आहे. खूण केल्यावर यंत्र मूळ सीडी मागे. मेजावरील संगणक जुळवून देणाऱ्या स्थानिक विक्रेत्याकडे ती असे. लॅपटॉपबरोबर मात्र ती पुष्कळदा दिलीच जात नसे. काही यंत्रांत आवश्यक फाइली चकतीवरच एका घडीत ठेवलेल्या असत, पण ती घडी कोठे आहे हे खरेदीदाराला कोणी सांगत नसे. मग यंत्र बंद करून पुन्हा सुरू करायचे, कळफलकांच्या यादीत मराठी जोडायची, आणि डावीकडील ऑल्ट व शिफ्ट दाबून इंग्रजीतून मराठीत यायचे. एवढे सगळे न केलेल्या यंत्रावर युनिकोडमधील मराठी उघडली की अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकटी दिसत किंवा वेलांटी व हलन्त सुटे पडत. ‘युनिकोड बिघडते’ हा समज येथून पसरला. बिघाड मजकुरात नव्हता, यंत्राच्या अपुऱ्या सिद्धतेत होता. परंतु लेखकाने बोट दाखवले ते युनिकोडकडे, आणि तो आपल्या परिचित टंकाकडे परतला.

ही सोय जानेवारी २००७ मधील विंडोज व्हिस्टापासून आपोआप मिळू लागली. केंद्र शासनाने नोव्हेंबर २००९ मध्ये ई-प्रशासनासाठी युनिकोड हा प्रमाण संकेत ठरवला. प्रमाण ठरल्यानंतरच्या अठरा वर्षांतील बहुतेक मराठी मजकूर तोवर टंकांत बांधला गेला होता.

ऱ, ॲ आणि कळफलक

मराठीच्या काही गरजा हिंदीहून वेगळ्या आहेत आणि नव्या यंत्राच्या सिद्धतेत त्या नेमक्या उघड्या पडतात. ‘आचार्यांना’ बोलावणे आणि ‘आचाऱ्यांना’ बोलावणे यांतील फरक मराठी वाचकाला सांगावा लागत नाही. दुसऱ्या शब्दातील आडवा र साठवण्याच्या युनिकोडमध्ये दोन रीती होत्या : एक, मूळ दक्षिणी भाषांतील ध्वनीसाठी योजलेले ‘ऱ’ हे अक्षर हलन्त करून, दुसरी, साध्या र नंतर हलन्त व एक अदृश्य जोडखूण घालून. दोन्हींचे दृश्यरूप सारखे, साठवण मात्र वेगळी. त्यामुळे एका रीतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या रीतीने शोधला तर सापडत नाही. ‘ॲ’ या मराठीतील स्वराला स्वतंत्र क्रमांक मिळाला तो २००८ मधील ५.१ या आवृत्तीत. तत्पूर्वी अ वर चंद्र देऊन काम भागवले जाई; एक्सपी असलेल्या लॅपटॉपवर नवे अक्षर चौकट म्हणून दिसे. ‘बँक’ सुखरूप राही आणि ‘ॲसिड’ अडखळे, अशी ही अवस्था होती. ल आणि श यांच्या मराठी वळणाचा प्रश्न यांच्या मानाने गौण आहे. तो दिसण्याचा प्रश्न आहे, साठवणीचा नाही.

कळफलकाचा इतिहास मात्र सवयीचा इतिहास आहे. शासकीय कार्यालयांतील टंकलेखक रेमिंग्टन पद्धतीच्या यंत्रावर घडलेले होते आणि टंक-निर्मात्यांनी तोच क्रम संगणकावर देऊन त्यांना आपलेसे केले. इनस्क्रिप्टमध्ये स्वर व मात्रा डाव्या हाताला, व्यंजने मुख्यतः उजव्या हाताला असतात. क च्याच कळीवर शिफ्टसह ख, ग च्या कळीवर घ मिळतो. वर्णमाला पाठ असणाऱ्याला तो थोड्या सरावाने येतो. परंतु भारतात विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपच्या कळांवर सर्वसाधारणपणे केवळ रोमन अक्षरे छापलेली असतात. पाहून शिकण्याची सोयच नसते. परिणामी २००० नंतरच्या पिढीने रोमन अक्षरे दाबून उच्चारानुसारी मराठी उमटवण्याची पद्धत स्वीकारली. विंडोजमध्येच असा मराठी कळफलक २०१९ च्या सुधारित आवृत्तीपासून मिळू लागला. शुद्धतावाद्यांना हे रुचत नसले, तरी साठवणीच्या दृष्टीने या पद्धतीत काहीही उणे नाही. कळ कोणतीही दाबली तरी आत क्रमांक देवनागरीचाच बसतो.

याच सुमारास घडलेला एक प्रयोग येथे उल्लेखनीय आहे. मुलांसाठी स्वस्त लॅपटॉप तयार करणाऱ्या आंतरराष्ट्रीय उपक्रमाने २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यातल्या एका एकशिक्षकी शाळेत आपली एक्सओ ही यंत्रे दिली. डायनाबुकची कल्पना मुलांसाठीच होती. पस्तीस वर्षांनी ती एका मराठी शाळेच्या ओसरीवर, उन्हातही वाचता येणाऱ्या पडद्यासह, पोहोचली. प्रयोगाचा विस्तार झाला नाही.

प्रबंधांची स्थिती

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमावलीने प्रबंधांची संगणकीय प्रत देणे आवश्यक केले आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ संग्रहात मराठी प्रबंधही जमा होऊ लागले. जे प्रबंध जुन्या टंकांतून पीडीएफ झाले, ते पडद्यावर निर्दोष दिसतात, कारण टंक फाइलीतच गुंडाळलेला असतो. मात्र त्यातील एखादा परिच्छेद उतरवून घ्यावा तर हाती रोमन अक्षरांचा चुरा येतो, आणि एखादा शब्द शोधावा तर यंत्र तो नसल्याचे सांगते. दलित आत्मकथने, लोकसाहित्य, स्थानिक इतिहास, बोलींची सर्वेक्षणे यांसारख्या विषयांवरील ज्या संशोधनाला मराठीबाहेर दुसरा आधार नाही, त्याच्या बाबतीत हा तोटा अधिक गंभीर ठरतो. छायाचित्र आणि मजकूर यांतील फरक येथे पुसला गेला आहे. वाचता येते, हाताळता येत नाही.

जुन्या टंकांतील मजकूर युनिकोडमध्ये आणणारी परिवर्तक साधने उपलब्ध आहेत. त्यांना मूळ टंक नेमका कोणता, हे सांगावे लागते. सुरेख आणि श्री-लिपी यांचे तक्ते वेगळे असतात. परिवर्तनानंतर रफार, आडवा र, जोडाक्षरावरची वेलांटी आणि मजकुरात मध्येच आलेले इंग्रजी शब्द व अंक या जागा डोळ्यांखालून घालाव्या लागतात. दोनशे पृष्ठांच्या प्रबंधाला हे काम काही दिवसांचे आहे, आणि मूळ लेखक हयात व उत्सुक असेल तरच ते नीट होते.

हा प्रश्न आता पुन्हा निकडीचा झाला आहे. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था अनेक जुन्या यंत्रांत नसल्याने महाविद्यालयांतील संगणक व लॅपटॉप मोठ्या संख्येने बदलले जाण्याच्या मार्गावर आहेत. नव्या यंत्राच्या निवडीत स्मृती किती, चकती किती, वजन किती, हे प्रश्न विचारले जातात आणि ते योग्यही आहेत. मराठी मात्र आज प्रत्येक यंत्रात आहे; तिच्यासाठी खाच, कुलूप किंवा सीडी लागत नाही. नव्या लॅपटॉपवर ‘मंगल’ हा टंकही प्रारंभी नसतो. तो ऐच्छिक सुविधांतून, देवनागरीच्या पूरक टंकांच्या नावाखाली, मागवून घ्यावा लागतो. तसे न केले तरी २००१ साली मंगलमध्ये लिहिलेला परिच्छेद ‘निर्मला’ या दुसऱ्या टंकात, अक्षराचाही फरक न पडता, समोर येतो. त्याच वर्षी, त्याच विभागात, शेजारच्या यंत्रावर टंकाधारित आज्ञावलीत लिहिलेली फाइल तशी येत नाही. तिच्यासाठी जुने यंत्र भंगारात देण्यापूर्वी त्यातील टंकांची घडी उघडून कोणते टंक वापरले होते त्याची नोंद करणे, त्या टंकांच्या फाइली मजकुराबरोबर उतरवून घेणे आणि शक्य तेथे छापील प्रत शेजारी ठेवून परिवर्तन तपासणे, एवढे काम यंत्र चालू आहे तोवरच होऊ शकते.